नवी गाडी घेताना भाव कसा ठरवायचा: कोटेशनच्या एकेका ओळीचा हिशेब

आमच्या घरातली पहिली चारचाकी घ्यायला मी आणि बाबा नाशिकच्या एका शोरूममध्ये गेलो, तेव्हा आम्हाला एकच प्रश्न विचारता येत होता: "डिस्काउंट किती देणार?" सेल्समनने पंधरा हजार सांगितले. बाबांनी तासभर घासाघीस करून ते पंचवीस हजारांवर नेले. पाच हजारांचं टोकन भरून आम्ही समाधानाने घरी आलो.

रात्री जेवणं झाल्यावर मी कोटेशनचा कागद घेऊन बसले. विमा ४६,००० रुपये लिहिला होता. तोच विमा, तीच कव्हर्स, एका कंपनीच्या संकेतस्थळावर साडेतेहतीस हजारांत दिसत होती. खाली 'हँडलिंग अँड लॉजिस्टिक्स' ९,५०० आणि 'एसेन्शियल किट' १८,०००. म्हणजे पंचवीस हजार सोडून चाळीस हजार घेतले जात होते, आणि ज्या ओळींतून ते घेतले जात होते त्यांच्याबद्दल आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो. ते बुकिंग आम्ही रद्द केलं. टोकन परत मिळायला सहा आठवडे लागले.

नंतर दुसऱ्या शोरूममधून गाडी घेतली, आणि त्यानंतर भावाच्या आणि ऑफिसातल्या दोन मैत्रिणींच्या खरेदीतही मी सोबत बसले. या चार खरेद्यांमधून जी पद्धत हाताशी आली ती इथे क्रमाने लिहिते आहे. कराचे आकडे महाराष्ट्रातल्या खाजगी, स्वतःच्या नावावर घेतलेल्या गाडीचे आहेत.

१. आधी किमतीची फोड समजून घ्या

एक्स-शोरूम किंमत म्हणजे जीएसटी धरून गाडीची किंमत. ती कंपनी ठरवते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांना (डिझेलसाठी १५०० सीसीपर्यंत) १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्या गाड्यांना ४० टक्के, आणि विजेवरच्या गाड्यांना ५ टक्के. यात घासाघिशीला जागा नाही.

त्यावर रस्ता कर, म्हणजे एकरकमी वाहन कर. पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के. डिझेलला हेच १३, १४ आणि १५ टक्के. सीएनजीचा दर यापेक्षा कमी आहे आणि इलेक्ट्रिक गाड्यांचे नियम वेगळे आहेत. कंपनीच्या किंवा फर्मच्या नावावर गाडी घेतली तर कर बराच जास्त बसतो, म्हणून धंदा असलेल्यांनी कुणाच्या नावावर घ्यायची ते आधी ठरवावं.

मग विमा, नोंदणीची फी, फास्टॅग. एवढं मिळून ऑन-रोड किंमत होते. बाकी जे काही कागदावर दिसेल ते शोरूमने जोडलेलं आहे, आणि बोलणी खरी तिथेच करायची असतात.

१० लाखांच्या रेषेबद्दल थोडं जास्त सांगते, कारण माझ्या भावाची गाडी नेमकी तिथेच अडकली होती. पेट्रोल गाडी ९ लाख ९५ हजारांची असेल तर रस्ता कर होतो १,०९,४५०. तीच १० लाख ५ हजारांची झाली की १,२०,६००. किमतीत दहा हजारांचा फरक आणि करात अकरा हजारांहून जास्त. शिवाय १० लाखांच्या वरच्या गाडीवर शोरूम १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा प्राप्तिकर, घेतं. ही रक्कम तुमच्या पॅनवर जमा होते, प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळती करून घेता येते, पण त्या दिवशी खिशातून द्यावीच लागते. सनरूफसाठी वरचं व्हेरियंट घेताना हे सगळं मिळून किती पडतं ते आधी काढा. भावाने काढलं आणि खालचं व्हेरियंट घेतलं.

२. शोरूमला जाण्याआधी घरी बसून करायची तयारी

गाडी, इंधन, व्हेरियंट आणि दोन चालतील असे रंग ठरवून जा. "बघू, काय आवडतंय" म्हणत गेलात तर जी गाडी गोडाऊनमध्ये पडून आहे तीच तुम्हाला आवडवली जाते. टेस्ट ड्राइव्ह वेगळ्या दिवशी घ्या आणि त्या दिवशी पैशाचं बोलूच नका. घरातल्या ज्येष्ठांना मागच्या सीटवर बसवून बघा. सासूबाईंना चढता-उतरता येत नाही म्हणून आम्ही एक गाडी यादीतून काढली.

कर्ज घ्यायचं असेल तर आधी स्वतःच्या बँकेत जाऊन मंजुरीचा आकडा आणि व्याजदर लेखी घ्या. विम्याची दोन-तीन कोटेशन्स ऑनलाइन काढून छापून ठेवा. हे दोन कागद हातात असले की शोरूममध्ये आपलं बोलणंच बदलतं.

३. वेळ

गुढीपाडवा, अक्षय तृतीया, दसरा, धनत्रयोदशी या मुहूर्तांना गाडी घरी आणायची असेल तर आणा, आम्हालाही हौस आहे. पण त्या दिवसांची मागणी शोरूमला ठाऊक असते आणि तेव्हा सवलतीचा आग्रह चालत नाही. मुहूर्त हवा असेल तर भाव दोन-तीन आठवडे आधी, पितृपंधरवड्यातल्या शांत दिवसांत ठरवा आणि डिलिव्हरी दसऱ्याला घ्या. त्या पंधरवड्यात शोरूम अर्धं रिकामं असतं, सेल्स मॅनेजरला वेळ असतो आणि महिन्याचं टार्गेट गाठायची चिंताही असते. पौषातही तसंच. महिन्याचा शेवटचा आठवडा कुठल्याही महिन्यात बरा.

डिसेंबरच्या सवलतीबद्दल मात्र सावध राहा. वर्षअखेर सूट जास्त मिळते ती फुकट नसते. डिसेंबरात घेतलेली गाडी पुढच्याच महिन्यात कागदोपत्री मागच्या वर्षाची होते आणि विकताना तेवढा भाव कमी येतो. आठ-दहा वर्षं वापरणार असाल तर हा फरक पुसला जातो, म्हणून मी घेतली. तीन-चार वर्षांत गाडी बदलणाऱ्यांनी त्या सुटीतून हा तोटा वजा करून बघावा.

४. तीन ठिकाणची लेखी कोटेशन्स घ्या

एकाच कंपनीची शहरात दोन-तीन शोरूम्स असतात आणि ती एकमेकांची स्पर्धक असतात. एक कोटेशन आसपासच्या जिल्ह्यातलंही घ्या. नाशिकवाल्यांना पुणे किंवा अहिल्यानगर सहज जमतं. फक्त गाडीचं पासिंग कुठे होणार आणि पहिल्या सर्व्हिसिंगला कुठे यावं लागणार ते विचारून घ्या.

तोंडी आकड्याला काही किंमत नाही. "व्हॉट्सॲपवर पाठवतो" म्हणून नुसती एकूण रक्कम पाठवतात, तेही चालत नाही. कोटेशन शोरूमच्या लेटरहेडवर हवं, तारखेसह, व्हेरियंटच्या पूर्ण नावासह, आणि प्रत्येक आकार वेगळ्या ओळीत. मी तिन्ही ठिकाणी एकच वाक्य वापरलं: "सगळं धरून मी किती रुपये देणार आणि त्यात काय काय आहे, ते ओळीने लिहून द्या." एका ठिकाणी लिहून द्यायला नकार मिळाला. तिथे परत गेले नाही.

तिन्ही कोटेशन्स वहीत एकाखाली एक मांडा. एक्स-शोरूम आणि रस्ता कर सगळीकडे सारखेच निघायला हवेत. तिथेच फरक असेल तर कुणीतरी व्हेरियंट बदललंय किंवा 'आरटीओ' या शब्दाखाली स्वतःचा खर्च घातलाय.

५. एकेका ओळीवर बोला

आरटीओ: कराचं गणित वर दिलंच आहे. त्यावर कायद्याने ठरलेल्या फीची भर पडते, उदाहरणार्थ नोंदणीची ६०० रुपये आणि कर्ज असल्यास बोजा चढवण्याची १,५००. एकूण आकडा कराच्या मानाने बराच जास्त दिसला तर फोड मागा आणि "डिलिव्हरीच्या वेळी कर भरल्याची पावती हवी, पावतीप्रमाणेच पैसे देईन" असं सांगा. माझ्या मैत्रिणीच्या कोटेशनमध्ये एवढ्या एका वाक्याने ही रक्कम साडेतीन हजारांनी उतरली.

हँडलिंग, लॉजिस्टिक्स, डेपो चार्जेस: नावं वेगवेगळी, पण यातला कुठलाही सरकारी आकार नाही. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो. ही ओळ काढायलाच सांगा. "सगळेच घेतात" हे उत्तर ठरलेलं आहे. त्यावर वाद घालत बसू नका. "ही ओळ काढून नवं कोटेशन द्या, मग पुढचं बोलू" म्हणा आणि थांबा.

नंबर प्लेट: एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट कंपनीकडूनच येते. तिचे वेगळे पैसे लावले असतील तर विचारा.

ॲक्सेसरीज: मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, 'टेफ्लॉन', 'अंडरबॉडी कोटिंग'. हे सक्तीचं नाही. बाजारात यातल्या बऱ्याच वस्तू निम्म्या भावात मिळतात. एकच गोष्ट जपा: सीटच्या बाजूला एअरबॅग असलेल्या गाडीला साधं सीट कव्हर घालू नका, कारण अपघाताच्या वेळी ती एअरबॅग उघडायला अडथळा येतो. त्या गाडीसाठी बनवलेलंच कव्हर घ्या. शोरूम रोख सूट द्यायला तयार नसेल तेव्हा शेवटी "मग मॅट आणि मडफ्लॅप तुमच्याकडून" हे मागणं बहुधा मान्य होतं.

वाढीव वॉरंटी: मी घेतली, आणि गुंतागुंतीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गाड्यांना ती घ्यावी असं माझं मत आहे. पण मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत ती नंतरही घेता येते, त्यामुळे पहिल्याच दिवशी पैसे अडकवायची घाई नको. नंतर किती पडेल एवढं विचारून ठेवा.

सूट: तिचीही फोड असते. कंपनीची सूट, शोरूमची स्वतःची सूट, एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट सूट, स्क्रॅपेजची म्हणजे जुनी गाडी भंगारात काढल्याची सूट. नोकरी करणाऱ्यांनी कॉर्पोरेट सुटीबद्दल स्वतःहून विचारावं, ओळखपत्र आणि पगाराची स्लिप लागते. घरात कुणी सैन्यात आहे किंवा निवृत्त झालंय, तर कॅन्टीनच्या म्हणजे सीएसडीच्या दराची चौकशी आधी करा. सातारा-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत हा मार्ग असतो आणि लक्षात येत नाही. आणि मिळालेली सूट टॅक्स इनव्हॉइसवर छापून आली पाहिजे. "नंतर खात्यावर टाकतो" याला होकार देऊ नका.

६. विमा: सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात

गाडी विकून शोरूमला सुटतात ते थोडेच टक्के. विमा, कर्ज आणि ॲक्सेसरीज यांवरच त्यांचं बरंच भागतं, म्हणून विम्याच्या ओळीला हात लावला की चेहरे बदलतात.

सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्याचा हप्ता सरकार ठरवतं आणि तो सगळ्या कंपन्यांत सारखाच असतो: २०२२च्या अधिसूचनेप्रमाणे १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तीन वर्षांचे १०,६४० रुपये, अधिक जीएसटी. म्हणजे फरक पडतो तो फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात आणि जोडकव्हरांत. तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, सारखी आहे ना ते बघा. नव्या गाडीची ती एक्स-शोरूमच्या ९५ टक्क्यांच्या आसपास असते. आयडीव्ही खाली आणून हप्ता स्वस्त दाखवणं ही जुनी युक्ती आहे. कव्हर्सही तीच हवीत. झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे क्लेममध्ये सुट्या भागांचा घसारा न कापणारं कव्हर, पहिली काही वर्षं घ्याच. पावसाळ्यात पाणी भरणाऱ्या भागात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्शनही घ्या.

विमा बाहेरून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. "मग कॅशलेस होणार नाही" असं सांगतील. कॅशलेस होणं-न होणं हे ते वर्कशॉप त्या विमा कंपनीच्या यादीत आहे की नाही यावर ठरतं. यादी कंपनीच्या संकेतस्थळावर असते, बघून घ्या. मी छापील कोटेशन टेबलावर ठेवलं तेव्हा ४६ हजारांचा विमा पंधरा मिनिटांत ३५ हजारांवर आला. बाहेरच्यापेक्षा दीड हजार जास्तच होते, तरी मी त्यांच्याकडूनच घेतला, कारण क्लेमच्या वेळी त्याच वर्कशॉपच्या माणसाशी बोलायचं होतं. दीड हजार मला पटले, साडेबारा हजार पटले नसते.

जुनी गाडी विकणार असाल तर तिचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, नव्या गाडीवर आणता येतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. जुन्या विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. तो माणसाच्या नावावर असतो. बाबांच्या गाडीचा बोनस माझ्या नावावरच्या गाडीला लागत नाही.

७. जुनी गाडी आणि कर्ज यांचं बोलणं वेगळं ठेवा

तिन्ही व्यवहार एकत्र बोललात की कुठे मिळालं आणि कुठे गेलं ते कळत नाही. जुन्या गाडीचा भाव वाढवून दिला आणि नवीवरची सूट तेवढीच कमी केली, हे मैत्रिणीच्या बाबतीत डोळ्यांसमोर घडलं. आधी नव्या गाडीचा भाव एक्स्चेंजशिवाय ठरवा, मग जुनी गाडी काढा. ती बाहेर दोन ठिकाणी दाखवलेली असू द्या. कुणालाही दिलीत तरी आरसी नव्या मालकाच्या नावावर झाल्याचं स्वतः तपासा. तोवर त्या गाडीची जबाबदारी तुमच्याच नावावर असते.

कर्जात 'फ्लॅट' व्याजदराचा सापळा आहे, म्हणजे हप्ते फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लागतं. ८ लाख, पाच वर्षं, ६ टक्के फ्लॅट म्हणजे २ लाख ४० हजार व्याज आणि १७,३३३ चा हप्ता. बँकेचा ९ टक्के घटत्या शिलकीवरचा दर असेल तर हप्ता १६,६०७ आणि व्याज सुमारे १ लाख ९६ हजार. सहा टक्के नऊपेक्षा महाग पडतात! म्हणून टक्के ऐकू नका, हप्ता गुणिले महिने करून बघा. त्यात प्रोसेसिंग फी आणि न विचारता जोडलेला कर्जाचा विमा मिळवा. मुदतीआधी फेडल्यास दंड किती, तेही लिहून घ्या.

८. प्रत्यक्ष बोलणी

सकाळी जा, कामाच्या दिवशी, जेवून-खाऊन. सोबत एकच माणूस असावा. लहान मुलांना नेलंत तर ती गाडीत बसून उतरायला तयार होत नाहीत आणि समोरच्याला ते दिसतं.

सेल्समनशी आदराने बोला. तो पगारी माणूस आहे, त्याच्या हातात ठरावीकच सूट असते. त्याच्या मर्यादेपर्यंत आलात की टीम लीडरला किंवा सेल्स मॅनेजरला बोलवायला सांगा. मग दुसऱ्या शोरूमचं कोटेशन दाखवा आणि एकच आकडा सांगा, ऑन-रोड. मी म्हणाले होते, "दादा, हा आकडा झाला तर आत्ता बुकिंग करते. नाही झाला तर तुमचाही वेळ घेत नाही." ते म्हणाले, "मॅडम, आज बुक केलंत तरच हा भाव, उद्या स्कीम संपते." महिन्याची स्कीम महिनाअखेरीस संपते हे खरंही असतं, म्हणून तारीख विचारा आणि कोटेशनवर लिहून घ्या. मी त्या दिवशी उठून आले. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला आणि चार हजारांचा फरक होता तो दोन हजारांवर आला. तिथे मी थांबले. नव्याने बाजारात आलेल्या, महिनोन्‌महिने वेटिंग असलेल्या गाडीला मात्र असा ताण देता येत नाही. तिथे फक्त जादा आकारलेल्या ओळी काढून घ्या, तेवढंही पुष्कळ आहे.

९. बुकिंग

टोकन कमीत कमी भरा आणि पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: व्हेरियंट आणि रंग, ठरलेली ऑन-रोड रक्कम, डिलिव्हरीची अंदाजे तारीख, आणि रद्द केल्यास किती रक्कम किती दिवसांत परत. आमचे सहा आठवडे या शेवटच्या मुद्द्यापायी गेले.

भाव बिलाच्या दिवशीचा लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये कर उतरल्यावर आधी बुक केलेल्यांनाही फायदा झाला तो याचमुळे, आणि जानेवारीत कंपनीने भाव वाढवले तर तो भुर्दंडही याचमुळे बसतो. वाढ झाली तर शोरूम काय करणार ते बुकिंगलाच विचारा.

पैसे फक्त शोरूमच्या खात्यावर, आरटीजीएस किंवा चेकने. सेल्समनच्या वैयक्तिक फोन नंबरवर टोकनसुद्धा पाठवू नका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर आयकर कायद्याने बंदी आहे, "रोख द्या, कमी करतो" असं कुणी म्हणालं तर उठा.

१०. पूर्ण पैसे आणि पासिंगच्या आधी गाडी बघा

तुमच्या नावावर नोंदणी झाली की गाडी बदलून मिळणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणून इनव्हॉइस फाडण्याआधी यार्डात जाऊन, दिवसाउजेडी, तीच गाडी बघा. चेसिस नंबर मोबाइलमध्ये टिपा आणि नंतर इनव्हॉइसशी जुळवा. उत्पादनाचा महिना आणि वर्ष फॉर्म २२ वर, म्हणजे कंपनीच्या गाडी रस्त्यायोग्य असल्याच्या प्रमाणपत्रावर असतं, ते मागा. टायरवरचे चार आकडे बघा: ३४२५ म्हणजे २०२५ सालचा ३४वा आठवडा. गाडी सहा महिन्यांहून जुनी निघाली तर दुसरी मागा, नाहीतर जास्त सूट. रंगातला फरक, दारांच्या फटी, काचा, किलोमीटर, सगळे दिवे, एसी, स्टेपनी आणि जॅक तपासा. संकोच वाटू देऊ नका. मी जमिनीवर बसून खालून पाहिलं.

लागणारी कागदपत्रं

आधार आणि पॅनची प्रत, पासपोर्ट आकाराचे फोटो, पत्ता भाड्याचा असेल तर नोंदणीकृत भाडेकरार, कर्जासाठी पगाराच्या स्लिपा आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, कॉर्पोरेट सुटीसाठी ओळखपत्र, एक्स्चेंजसाठी जुन्या गाडीची आरसी, विमा आणि दोन्ही किल्ल्या, नो क्लेम बोनसचं पत्र. प्रत्येक झेरॉक्सवर "फक्त वाहन नोंदणीसाठी" असं लिहून तारीख घाला.

डिलिव्हरीला हातात घ्यायचं ते: टॅक्स इनव्हॉइस, विक्रीचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१, कराची पावती, विम्याची पॉलिसी, वॉरंटीचं पुस्तक, दोन्ही किल्ल्या आणि तुम्ही भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती. पॉलिसीवर नावाचं स्पेलिंग, इंजिन आणि चेसिस नंबर, आयडीव्ही आणि कव्हर्स तिथेच उभं राहून वाचा. आमच्या पॉलिसीत झिरो डेप्रिसिएशन पैसे घेऊनही छापलं गेलं नव्हतं. हार घालून, नारळ फोडून गाडी बाहेर काढण्याआधी ती दुरुस्त करून घेतली, चाळीस मिनिटं लागली, आणि बाबा तेवढा वेळ पेढ्यांचा बॉक्स हातात धरून शांतपणे बसून राहिले.